आक्कांची राखणदारीण

सकाळी मांडीतल्या शिरेत नळी घातली आणि दुपार कलायच्या आत डॉक्टरीण म्हणाली, "चला आक्का, संध्याकाळी घरी!" मालनआक्कांना क्षणभर कळेना, भूल नक्की दिली होती कुणाला, आपल्याला की हिला.

"घरी?" आक्कांनी उशीवरून मान उचलली. "अगं, जखम तरी वाळू दे! माझ्या सासूचा मोतीबिंदू काढला तेव्हा म्हातारीनं आठवडाभर खाट सोडली नव्हती. डबे पोचवून पोचवून माझ्या चपला झिजल्या. आणि तुम्ही माणसाची शीर आतनं खरवडून काढता नि म्हणता, जा घरी? दवाखाना हाय का केस कापायचं दुकान?"

"जखम नाहीच आक्का, एक टोचल्याची खूण आहे फक्त," डॉ. तेजल मगदूम हसून म्हणाली. पोरगी नांद्र्याकडची, बोलायला गोड, आणि कितीही बोला, चिडत नव्हती. आक्कांना अशी माणसं आवडत नसत. भांडायला काही धरायलाच सापडत नाही.

मिरजेतल्या दवाखान्यांच्या गल्लीत ज्यानं आपल्या माणसासाठी कधी मुक्काम ठोकलाय, त्याला खोतांची खानावळ सांगायला नको. मालनआक्का तिथल्या मालकीण, आचारी आणि फौजदार. नवरा लवकर गेला, शाळा दुसरीत सुटली होती, पण भाकरी आणि जीभ या दोन्हींच्या जोरावर त्यांनी पोरगा वाढवला आणि गल्लीवर राज्य केलं. जतच्या, अथणीच्या, जमखंडीच्या किती तरी पेशंटांचं गणगोत त्यांच्या पंगतीला जेवून गेलं होतं.

आणि हेच आक्कांचं दुखणं होतं. कृष्णाकाठ हॉस्पिटलात ते 'चाहूल' नावाचं यंत्र आल्यापासून पंगती ओसरल्या होत्या. पूर्वी पायाच्या शिरांचा पेशंट आला की हलत नसे. आज रक्त तपासायचं, उद्या फोटो काढायचा, परवा मोठे डॉक्टर परगावी, तेरवा फोटो सापडत नाही म्हणून परत काढायचा. तोवर नातलग आक्कांकडं जेवत. आता सगळ्या तपासण्या घरनंच, पेशंट सकाळी आत, सांजेला बाहेर. नातलग चहा पिऊन एसटी धरतात. गल्लीतल्या निम्म्या खानावळींच्या चुली विझल्या. आक्का त्या यंत्राला उठता बसता शिव्या देत होत्या, आणि आता तेच यंत्र त्यांच्या मांडीत जाऊन बसलं होतं!

तेजलनं खाटेच्या कडेला बसून समजावलं. "आक्का, पायाला रक्त नेणारी मोठी शीर म्हणजे कालव्याचा पाट समजा. तुमच्या पाटात गाळ साचला. म्हणून चाललं की पोटरीत गोळा यायचा. शेवटी टोकाला पाणी पोचेना, आणि अंगठा काळा पडायला लागला. आम्ही गाळ काढला, आतनं मऊ नळीचं अस्तर लावलं. त्या अस्तरात केसाहून बारीक तार विणलेली आहे. रक्ताचा ठोका पडला की ती थरथरते. त्या थरथरीवरच तिला वीज मिळते, आणि थरथरीवरूनच कळतं, रक्त किती वाहतंय. घोट्याला हा पट्टा बांधलाय ना? हिरवा दिवा म्हणजे पाट भरून चाललाय. पिवळा म्हणजे कमी. लाल म्हणजे धोका."

"मग तुम्ही डॉक्टर कशाला?"

"तेच तर! आधी आम्ही माणसाला खाटेवर ठेवायचो ते नुसतं बघायला. ऑपरेशनचा खर्च थोडा आणि बघत बसण्याचा फार. आता बघायचं काम तार करते. चालायचं काम तेवढं तुमचं." तेजलचा आवाज थोडा बदलला. "आणि ते चुकवायचं नाही हं. चाललं की पायातल्या बारीक शिरा रुंदावतात, रक्ताला आडवाटा फुटतात. पडून राहिलात तर नळीत रक्त गोठेल. मग परत इथं यायचं, आणि त्या खेपेला अंगठा काढावा लागेल. कदाचित निम्मा पंजासुद्धा."

आक्कांनी पाय पांघरुणाखाली ओढून घेतला. चुलीपुढं उभं राहून ज्या बाईनं आयुष्य काढलं, तिच्या पायाचा पंजा काढायचा म्हणजे देवळाचा पाया काढून कळस ठेवायचा.

"शेवटचा एक प्रश्न," तेजल म्हणाली. "तंबाखू, विडी, गुटखा?"

"शिव शिव! अजित कॉलेजात असताना त्याच्या खिशात पुडी सापडली, तर तो खिसाच कापून गटारात टाकला मी. व्यसनाचं नाव काढायचं नाही आमच्यात!"

तेजलनं हातातल्या पडद्यावरच्या 'नाही'वर बोट टेकवलं.

*

चाहूलीचा बोलका डबा खानावळीमागच्या खोलीत, मिठाच्या बरणीशेजारी बसला. आवाज पुण्याच्या बाईसारखा, धुवून इस्त्री केलेला.

"नमस्कार आजी."

"आजी असशील तू."

"मग आपल्याला काय म्हणू?"

"आक्का म्हण. सगळी गल्ली म्हणती. आणि आपल्याला-बिपल्याला करू नकोस, सोयरीक जमवायला आलीयास का?"

डबा लवकर शिकला. आक्का मात्र शिकायला तयार नव्हत्या. त्यांनी खाट दाराशी ओढून घेतली आणि तिथनं राज्यकारभार सुरू केला. अजितनं म्हणावं, "आई, चल की जरा गल्लीच्या तोंडापर्यंत," तर त्या म्हणत, "आधी गिऱ्हाइकाला पाणी दे, मग मला चालव." सून रेश्मा त्या भागातल्या रीतीप्रमाणं त्यांना आत्या म्हणे. तिनं भीत भीत म्हणावं, "आत्या, डबा सांगतोय, उठायची वेळ झाली," तर आक्का विचारत, "तो डबा तुझी सासू का मी?" चाहूलीनं गोड बोलून बघितलं, पायाचं चित्र दाखवून बघितलं, भीती घालून बघितली. घरात आक्कांना उठवील असं माणूस नव्हतं, कारण घरातलं प्रत्येक माणूस आक्कांना भीत होतं. पट्ट्यावरचा दिवा पिवळा तो पिवळाच. अंगठ्याचा काळा रंग हलेना.

मग एका दुपारी अथणीकडचा कुणी पाहुणा गल्लीत जेवायची सोय शोधत आला. खोतांच्या दारासमोरच, पलीकडच्या गाळ्यात, आणखी एक खानावळ होती. तिथनं खणखणीत आवाज आला, "इकडं या पाव्हणं, इकडं! तिकडची बाई अंथरुणाला खिळलीय. तिकडं जेवायला बसाल तर वाढायला रात होईल!"

आवाज छबूचा. छबू म्हणजे आक्कांच्या धाकट्या दिराची बायको. दोघी जावा एका चुलीवर वर्षानुवर्षं राबल्या. मग एकदा छबूनं न विचारता आमटीत गूळ टाकला, आणि वाईट म्हणजे, जेवणारी माणसं वाहवा करत उठली. आक्कांनी पळी आपटली. छबूनं पदर खोचला, समोरचा गाळा घेतला आणि पाटी लावली, 'खरी खोत खानावळ'. त्या 'खरी'पासून दोघींचं बोलणं बंद. गल्लीतलं लग्न असो की मयत, एक या दारानं गेली की दुसरी त्या दारानं.

"खिळली? कोण खिळली?" आक्का खाटेवरून उठल्या. काठी राहिली, चप्पल राहिली. तरातरा गल्लीच्या मधोमध जाऊन उभ्या राहिल्या. "पाव्हणं, गुळाची आमटी खायची असंल तर जा तिकडं! पोट बिघडलं की दवाखाना समोरच हाय!"

पाहुणा घाबरून एकीकडं केळीवाल्यापाशी जाऊन उभा राहिला आणि दोन केळी खाऊन गेला. पण रेश्मा दारातनं ओरडली, "आत्या, दिवा! दिवा बघा!"

पट्ट्यावरचा दिवा लख्ख हिरवा झाला होता.

*

दुसऱ्याच दिवशी तेजल स्कूटरवरून आली. हसू दाबायचा प्रयत्न चाललेला दिसत होता.

"आक्का, चाहूल नुसतं रक्त बघत नाही. तिला कान आहेत. घरात कोण बोललं की तुम्ही उठता, कोण बोललं की पडून राहता, याची ती सांगड घालते. पेशंट घरी गेला की त्याला एक राखणदार लागतो, गोळ्या घेतोय का, चालतोय का बघायला. चुकीचं माणूस नेमलं की पेशंट परत आमच्या खाटेवर. तो दुसऱ्यांदा आलेला पेशंट सगळ्यात महागात पडतो, आम्हालाही आणि त्याच्या घरालाही. म्हणून राखणदार आता चाहूल निवडते."

"रेश्माला निवडलं असंल. करंल बिचारी."

"छबूबाई खोत."

रेश्मानं तोंडात पदर कोंबला. अजितला एकाएकी गिऱ्हाइकाची आठवण झाली.

"तो डबा चुलीत घाल," आक्का शांतपणे म्हणाल्या.

"घालते. पण आधी एक ऐका. काल त्या बोलल्यावर तुमच्या पायात जेवढं रक्त उतरलं, तेवढं आमच्या गोळ्यांनी आजवर उतरलेलं नाही." तेजल खाली बसली आणि आक्कांच्या काळ्या अंगठ्यावर हलकेच बोट ठेवलं. "पाय राखायचा की राग राखायचा, तेवढं ठरवा. दोन्ही राहतील असं मला वाटत नाही."

आक्कांनी ठरवलं असं नाही. त्यांनी फक्त नाही म्हटलं नाही.

छबू आली ती कमरेवर हात ठेवून. उंबऱ्याबाहेरच थांबली.

"बोलवणं आलं म्हणं माझं."

"मी नाही बोलवलं. डब्यानं बोलवलं."

"मग डब्याला अक्कल हाय म्हणायची. घरातल्या माणसांपेक्षा जास्तच." छबूनं आक्कांकडं वरपासून खालपर्यंत बघितलं. "अगंबाई! किती वाळलाय तुम्ही! स्वतःच्या हातचं खाताय वाटतं?"

आक्का ताडकन उठल्या. डबा म्हणाला, "छान, आक्का!"

"तू गप!" दोघी एकदमच म्हणाल्या.

असं ते औषध सुरू झालं. रोज ऊन कललं की दोघी जावा निघत. गल्लीच्या टोकापर्यंत, तिथनं सतारवाल्यांच्या दुकानांवरनं, सतारींसाठी वाळत टाकलेले भोपळे बघत, मागं. आणि भांडण थांबेल तर शपथ. कुणाच्या लग्नात कुणाला आहेर कुठला केला, सासूची पाटली कुणाकडं गेली, दिराच्या आजारपणात कोण किती वेळा डोकावलं, सगळं निघालं. आक्कांना आपण चालतोय हे लक्षातसुद्धा राहत नसे. पोटरीत कळ आली तरी, उत्तर द्यायचं राहिलंय म्हणून त्या पुढं जात. सतारीच्या तारा जुळवणारी माणसं हात थांबवून ऐकत. "आज कोण पुढं?" असं एकमेकांना विचारत. चाहूल मात्र एका शब्दानं मध्ये पडत नव्हती. तिला कळलं होतं, इथं शहाण्यानं बोलू नये.

परत येईपर्यंत दिवा हिरवागार असे.

*

सकाळी मात्र दिवा उतरायचा. संध्याकाळी कमावलेलं रोज सकाळी कुणी तरी चोरून न्यावं, तसं रक्त घसरायचं. तेजलनं डब्यातनंच विचारलं, "आक्का, सकाळी थंड पाण्यानं अंघोळ करता का? उपाशी राहता का? झोप लागते ना?" सगळं ठीक होतं. तेजलच्या कपाळावरची आठी काही जाईना. "संध्याकाळचं चालणं सकाळी वाया जातंय. अंगठा अजून ठरत नाहीये, इकडं का तिकडं. पुढच्या तपासणीला मला निर्णय घ्यावा लागेल."

छबूनं हे ऐकलं, आणि दुसऱ्या दिवसापासून ती सकाळीही यायला लागली. "राखणदार म्हणून नेमलंय, तर बघते काय चोरी होती ती," म्हणाली.

आक्का उजाडता घरामागच्या परड्यातल्या दगडी पायरीवर बसायच्या. हातात मिशरीची डबी. छबू शेजारी टेकली. आक्कांनी डबी तिच्यापुढं सरकवली. छबूनं बोटावर काळी पूड घेतली, हिरडीवर फिरवली, डोळे मिटले.

"निपाणीचीच नव्हं?"

"होय. बहीण पाला पाठवती. मी तव्यावर भाजते."

"भाजावी तर तुम्हीच," छबू डोळे न उघडता म्हणाली. "माझी कधी कच्ची राहती, कधी जळती. तुमच्यासारखी नाही उतरली कधी."

गुळाच्या आमटीनंतर छबूच्या तोंडून निघालेला हा पहिला गोड शब्द. आक्कांनी डबी पुन्हा पुढं केली. दोघींनी पुन्हा बोट फिरवलं. एरवी एकदा लावायची मिशरी आता गप्पांच्या नादात दोनदा होऊ लागली. भांडण संध्याकाळसाठी राखून ठेवलेलं, त्यामुळं सकाळी बोलायला सुखदुःखच उरलं. छबूच्या लेकीला दिवस गेलेत, हे आक्कांना तिथं कळलं. आक्कांच्या अजितला घरचं बघायला परगावची नोकरी सोडावी लागली, हे छबूला.

आणि अशाच एका सकाळी पट्टा लाल झाला.

डबा बोलला. आवाज नेहमीसारखाच इस्त्रीचा. "आक्का, सकाळी तुमचं रक्त घसरतं हे आधीपासून आहे. पण छबूबाई सकाळी यायला लागल्यापासून ते दुप्पट घसरतंय. संध्याकाळी त्या उपयोगी पडतात, पण एकूण नुकसान जास्त आहे. मी राखणदार बदलण्याची शिफारस करत आहे."

छबू उठली. पदर सारखा केला. "बघा, यंत्रालासुद्धा मी नकोच झाले." आणि मागं न बघता गेली.

आक्का डब्याकडं बघत राहिल्या. राग आला होता, पण तो नेहमीचा नव्हता. नेहमीचा राग तोंडातनं बाहेर पडतो. हा आत शिरून बसला. छबू गल्लीत शंभर वाईट बोलेल, पण तिच्या शेजारी बसून पाय सडेल? हे त्यांना पटेना. चाहूलीला कान होते. डोळे नव्हते. ऐकून स्वयंपाक कळतो होय?

आमटी बिघडली तर आक्का कधी आरडाओरडा करत नसत. एक एक जिन्नस काढून, परत करून बघत. मीठ का, चिंच का, का मसालाच जुना. तसंच त्यांनी केलं. एका सकाळी पायरीवर एकट्या बसल्या, नुसता चहा घेतला. दिवा हिरवा. दुसऱ्या सकाळी रेश्माला पाठवून छबूला ओढून आणवलं. छबू फुगून बसली होती. आक्कांनी डबी मात्र आत फळीवर ठेवली, आणि उगीच गूळ, आमटी, लग्न, पाटली, सगळं उकरून काढलं. दिवा हिरवा. छबू जाताना म्हणाली, "आज मिशरी नाही विचारली? कंजूष!"

उरली डबी. आक्कांनी ती फळीवरून काढली, चिमूटभर घेतली, हिरडीवर फिरवली आणि घोट्याकडं बघत बसल्या.

पिवळा. मग, थोडं थांबून, लाल.

आक्कांनी चूळ भरली. परत भरली. लग्न होऊन आल्यापासूनची ती सोबतीण. बाळंतपणात होती, नवरा गेला तेव्हा होती, कुणी विचारत नव्हतं तेव्हाही होती. हे सांगितलं तर मिशरी जाणार, आणि दवाखान्यात छाती ठोकून बोललेली मालन खोत खोटी ठरणार. नाही सांगितलं तर अंगठा जाणार, आणि त्याच्याआधी छबू जाणार. त्यांनी डबीचं झाकण लावलं. मग घसा खाकरला.

"ए डब्या. छबू नव्हं. मिशरी हाय ती."

"मिशरी म्हणजे काय, आक्का?"

"तंबाखूचा पाला तव्यावर काळा भाजायचा, कुटायचा, चाळायचा, दाताला लावायचा."

डब्याचा इस्त्रीचा आवाज पहिल्यांदाच चुरगळला. "आक्का, तंबाखू नाही असं तुम्ही सांगितलं होतं."

"मग नाहीच की! तांदूळ शिजला की त्याला कुणी तांदूळ म्हणतं का? भात म्हणतात. तसं हे. भाजलं की मिशरी!"

डब्यानं लगेच तेजलला कळवलं. ती डब्यातनं बोलत होती, पण तिनं कपाळावर मारलेला हात ऐकू आला. मग ती हसायला लागली, आणि हसू थांबेना. "अहो आक्का, माझी आजी लावायची! नांद्र्याला, परड्यात बसून! मी तिच्या मांडीवर वाढले, आणि मला विचारायचं सुचलं नाही!" मग जरा सावरून म्हणाली, "भाजल्यानं काही जात नाही हो. हिरडीतनं थेट रक्तात उतरतं, आणि बारीक शिरा आवळून धरतं. आपण पाट साफ केला, आणि तुम्ही रोज सकाळी त्याच्या तोंडाला फळी लावत होता. आता ती फळी काढायची. कायमची."

चाहूलीनं त्या दिवसापासून सगळ्याच पेशंटांना 'मिशरी लावता का?' हा नवा प्रश्न विचारायला घेतला. गल्लीत कळलं, की पायाच्या दुखण्याच्या कितीतरी म्हाताऱ्या एकदम 'हो' म्हणाल्या. आतापर्यंत कुणी विचारलंच नव्हतं.

*

मिशरी सोडणं हे सांगायला एक ओळ आणि करायला डोंगर. आक्कांचं डोकं जड झालं, पोट साफ होईना, रेश्माच्या हातची भाकरी मातीसारखी लागायला लागली. त्या चाहूलीला शिव्या द्यायच्या, निपाणीला शिव्या द्यायच्या, शेवटी स्वतःच्या बहिणीला फोन करून शिव्या दिल्या.

छबू सकाळी येऊन पायरीवर बसली. "नाही जमणार तुम्हाला," म्हणाली. "तुमच्यात जोर कुठला. तुम्ही लावा, मी डब्याला सांगत नाही."

"तू सोडलीस का?"

"मला कुठं नळी घातलीय?"

"नाही ना जमत? मग मला शिकवू नकोस."

छबूनं कमरेची डबी काढली आणि परड्याच्या भिंतीपलीकडं भिरकावली. आक्कांनीही आपली भिरकावली, जरा जास्त लांब. तिथनं पुढं ती लढाई झाली. रोज सकाळी दोघी पायरीवर बसून बडीशेप चावत एकमेकींचं तोंड बघायच्या, पहिली कोण मोडती म्हणून. कुणीच मोडेना. हरायची वेळ आली की मालन खोतला पाय आठवत नव्हता, अंगठा आठवत नव्हता. छबू हसंल, एवढंच आठवायचं, आणि तेवढं पुरत होतं.

तपासणीच्या दिवशी दवाखान्यात तेजलनं अंगठा हातात घेऊन पुष्कळ वेळ फिरवून बघितला. काळ्या कातडीचा पापुद्रा सुटत होता, आणि खालनं नव्या बाळाच्या टाचेसारखी गुलाबी कातडी वर येत होती.

"राहिला," ती म्हणाली. "अंगठा राहिला, आक्का."

 आक्कांनी तो अंगठा नुसता हलवला, वर आणि खाली, जणू तो त्यांचा नव्हेच, कुणी ओळखीचं माणूस बऱ्याच दिवसांनी भेटलंय.

"आता राखणदाराची गरज संपली," तिथल्या भिंतीवरच्या डब्यातनं चाहूलीनं सांगितलं. "छबूबाई, धन्यवाद. तुम्ही मोकळ्या."

"सुटले बाई," छबू म्हणाली.

"मी बी सुटले," आक्का म्हणाल्या.

आणि दोघी उतरणीवरून बाहेर निघाल्या, पण भांडायला काही सुचेना. आनंदाच्या दिवशी असं व्हावं, याचं आक्कांना नवल वाटलं. चालता चालता मागं बघितलं, तर छबू मागं राहिलेली. भिंतीवरच्या एका पाटीकडं टक लावून उभी.

"काय करतीस?"

"पाटी वाचते."

"काय लिहिलंय?"

"चांगलं लिहिलंय. देवाधर्माचं कायतरी."

छबू शाळेची पायरी कधी चढलेली नव्हती. आक्का निदान दुसरीपर्यंत. त्या मागं आल्या, पाटीवर बोट ठेवून एक एक अक्षर जुळवलं. 'पुरुषांचे शौचालय.'

आक्कांना हसू फुटणार होतं. पण त्यांचं लक्ष छबूच्या हाताकडं गेलं. एक हात भिंतीवर, दुसरा लुगड्याआडनं पोटरी दाबत होता. हे उभं राहणं आक्कांना पाठ होतं. त्यांनी स्वतः असंच केलं होतं. या दुकानापाशी भाव विचारायचा, त्या दारापाशी चपलेचा अंगठा नीट करायचा, देवळासमोर जरा जास्तच वेळ हात जोडायचे. गोळा उतरेपर्यंत. कुणाला कळू द्यायचं नाही.

"कधीपास्नं?" आक्कांनी विचारलं.

"काय कधीपास्नं?"

"छबे!"

छबूनं तोंड फिरवलं. "झाले की बरेच दिवस."

"आणि बोलली नाहीस?"

"कुणाशी बोलू?" छबू म्हणाली. "बोलणं बंद होतं नव्हं आपलं."

आक्कांनी तिचा दंड धरला आणि तिला उलटं, वर चढवायला सुरुवात केली. वाटेतल्या नर्सबाया बाजूला झाल्या. "तेजल! ए तेजल! अजून एक आलीय!"

छबूच्या पायात तार घालावी लागली नाही. नुसता पट्टा बांधला. पाटात गाळ बसायला नुकता लागला होता. कापायला नको, टोचायला नको, फक्त मिशरी नको आणि रोज चालायचं, कळ येईपर्यंत आणि त्याच्यापुढं थोडं. "वेळेवर आलात," तेजल म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं की हसू होतं ते कळेना.

"छबूबाईंसाठी राखणदार निवडावा लागेल," चाहूल म्हणाली. "त्यासाठी मला काही दिवस त्यांच्या घरातले आवाज ऐकावे लागतील."

"ऐक की बसून," आक्का म्हणाल्या. "तुझं ऐकणं होईपर्यंत आम्ही सतारवाल्यांपर्यंत जाऊन येतो. ऊठ गं."

छबू उठली. दोघी दारातनं बाहेर पडल्या. मग छबूनं पदर तोंडाला लावला आणि म्हणाली, "आक्का, जरा हळू चाला की."

"हळू चालणारी पाहिजे असंल," आक्का मागं न बघता म्हणाल्या, "तर दुसरी जाऊ बघ."